हानासेचा सावलीतला बांबू

क्योटोच्या उत्तरेला कुरामा गाव मागे पडले की रस्ता सुगीच्या उंच, सरळसोट वृक्षांमधून वळणे घेत हानासे घाटावर चढतो. सुमारे 750 मीटर उंचीवरच्या या घाटापलीकडे हवा पालटते. हिवाळ्यात येथे बर्फ साचते, उन्हाळ्यात धुके रेंगाळते. याच डोंगरांत, मोठ्या झाडांच्या छायेखाली, ‘चिमाकी-सासा’ नावाचा ठेंगणा बांबू वाढतो. उंची जेमतेम पुरुषभर, काड्या बोरूसारख्या बारीक. पाने मात्र रुंद, गुळगुळीत आणि वीतभराहून लांब. बांबू म्हटले की आकाशाला भिडणारे बेट डोळ्यांसमोर येते. हा बांबू दुसऱ्याच्या सावलीत समाधानाने राहतो.

क्योटोचे या पानाशी जुने नाते आहे. इ. स. 869 मध्ये रोगराई शमावी म्हणून सुरू झालेला गिओन उत्सव आजही दर जुलैत भरतो. त्या वेळी सासाच्या पानांत गवत गुंडाळून केलेल्या ‘चिमाकी’ घरोघरी दारावर टांगतात. त्यामागची कथा अशी : सोमिन शोराई नावाच्या एका गरीब गृहस्थाने दारी आलेल्या अनोळखी वाटसरूला आपल्या घासातला घास दिला, श्रीमंत भावाने मात्र त्याला दार बंद केले होते. तो वाटसरू देव होता. त्याने सोमिनच्या कुळाला रोगापासून अभय दिले. दारावरची चिमाकी त्या कुळाशी नाते सांगते. अतिथिसंविभाग हे व्रत मानणाऱ्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये.

परंतु 2004 ते 2007 या काळात हानासेच्या डोंगरांत सासा मोठ्या प्रमाणावर फुलला आणि वाळून गेला. अनेक दशकांतून एकदाच फुलायचे, बी टाकायचे आणि मरायचे, हा त्याचा निसर्गधर्मच आहे. बियांतून कोवळी रोपे उगवलीही. ती हरणांनी खाल्ली. डोंगरांत हरणांची संख्या फार वाढली होती. पिढ्यान्‌पिढ्या पाने गोळा करणाऱ्या गावाला पाने मिळेनात. ती इतर प्रांतांतून आणावी लागली.

यावर गावकरी, अभ्यासक आणि शहरातील स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी वनाच्या काही भागांभोवती जाळीचे कुंपण घातले. कुंपणाआड सासाने हळूहळू पुन्हा मूळ धरले. कोवळ्या रोपाचे पान चिमाकीजोगे व्हायला बरीच वर्षे जातात. तोवर जाळी दुरुस्त करायची आणि वाट पाहायची. हरणाची भूक खरी आणि रोपाचे जगणेही खरे. वनस्पतिकायाच्या एकेंद्रिय जीवांचीही विराधना टाळावी असे सांगणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला तर हा पेच सहज कळतो.

हा बांबू लावणाऱ्यानेही त्याचा स्वभाव आधी ओळखावा. त्याला थंड, दमट हवा मानवते. महाराष्ट्राच्या मैदानी भागातील कडक उन्हाळ्यात तो सुखी राहणार नाही. वसंताच्या आरंभी मुळ्या आणि दोन-चार काड्या असलेला भूमिगत खोडाचा तुकडा लावावा. जागा झाडाच्या विरळ सावलीची असावी. माती पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत केलेली, ओलसर, पण पाणी न तुंबणारी असावी. भर दुपारचे ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात. पहिला उन्हाळा पाणी नेमाने द्यावे, बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. पाने काढताना काड्या उघड्या करू नयेत. थोडी पाने खुडून बाकीची राहू द्यावीत, कारण त्यांवरच पुढच्या वर्षीचे कोंब पोसले जातात.

सर्वांत मोठी दक्षता त्याच्या पसरण्याची. जमिनीखालचे खोड गुपचूप धावत शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरते आणि दाट पानांखाली इतर रोपांना उजेड मिळत नाही. म्हणून लावतानाच भोवती सुमारे 60 सेंटिमीटर खोल, अभंग, टिकाऊ पत्रा पुरावा आणि त्याची कड जमिनीच्या थोडी वर ठेवावी; वर्षातून एकदा कडेने फिरून बाहेर निघालेले धुमारे काढावेत. एरवी मोठी कुंडी बरी. दिग्व्रत घेणारा श्रावक आपल्या येण्याजाण्याची सीमा स्वतःच आखतो. या बांबूची सीमा मात्र लावणाऱ्याने आखून द्यावी लागते.

हानासेत कुंपण सासाला हरणांपासून वाचवते. बागेत तेच कुंपण इतर रोपांना सासापासून वाचवते. दोन्हीकडे काम एकच आहे : प्रत्येक जीवाला त्याची जागा राहील अशी मर्यादा राखणे, आणि ती वर्षानुवर्षे सांभाळणे.