खणांचे घर

घर चौरस फुटांत मोजण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. सटाण्याच्या जुन्या गावातले एखादे वयोवृद्ध गृहस्थ अजूनही घराची ओळख ‘पाच खणांचे’, ‘सात खणांचे’ अशीच करून देतात. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. वर्गात हा शब्द आला की मुलांना चोळीचा खण आठवतो, टेबलाचा खण आठवतो. घराचा आठवत नाही. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दाची ही पडझड आम्हांला आधी जाणवली, घराची नंतर. ज्या घराविषयी लिहीत आहोत ते आमचेच, सात खणांचे. त्याचे तीन वाटे झाले आहेत आणि आता त्याचा लाकडी सांगाडा ठेवायचा की उतरवायचा, हा प्रश्न आमच्यासमोर आहे.

रचना सांगायला सोपी आहे. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांच्यावर मातीचे जाड धाबे. मुख्य सांध्यांत खिळा नाही; एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि आरपार ठोकलेली लाकडी मेख ती धरून ठेवते. बागलाणच्या पश्चिमेला डांगचे रान लागते. तिथल्या सागाची कीर्ती एवढी, की इंग्रजांनी १८४२ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून ही जंगले भाडेपट्ट्याने घेतली. अशा रानाशेजारच्या गावांनी सागाची घरे उभारली, यात नवल नाही. भिंती मात्र मातीच्या, जाडजूड, खांबांना पोटात घेणाऱ्या. पाहणाऱ्याला वाटते, घर भिंतींवर उभे आहे. वस्तुतः भिंत ऊन, वारा आणि चोर अडवते. छपराचा भार खांब वाहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या अवजड भिंतींनी माणसे गाडली. पण भिंती कोसळल्यावरही अनेक ठिकाणी खणांचे सांगाडे उभे राहिलेले दिसले.

अशा घराला फेरफाराचे वावडे नसते. भाऊ वेगळे झाले की खांबांच्या रेषेत भिंत घालावी. पुन्हा एकत्र आले तर काढावी. आमच्या घराने हे सारे पाहिले आहे. ओसरीचे एक टोक बंद होऊन दुकान झाले, बळदाच्या जागी न्हाणी आली, गळक्या धाब्यावर पत्रे चढले. खांब जागचे हलले नाहीत.

इंग्लंडमधील जुन्या शेतघरांविषयी वाचताना आम्हांला हेच घर आठवत राहिले. तिथे सागाऐवजी ओक, आणि खांबांमध्ये मातीने लिंपलेला कूड. मध्ययुगात तिथले मधले दालन छपरापर्यंत मोकळे असे. जमिनीवर जाळ पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत धुराडी आली आणि त्या दालनावर माडी घालता आली. पण काजळी धरलेले मूळ वासे अजूनही माळ्यावर सापडतात आणि घराचे वय सांगतात. केंटमधील ‘बेलीफ’ नावाचे पंधराव्या शतकातले शेतघर नव्या जलाशयाच्या पाण्याखाली जाणार होते. १९६० च्या दशकाअखेरीस ते सुटे केले आणि ससेक्समधल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. आपल्याकडेही कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयात नेऊन मांडले आहेतच. जे जोडलेले असते ते सोडवता येते, आणि सोडवलेले पुन्हा जोडता येते.

सध्याचा फेरफार वेगळ्या जातीचा आहे. कांद्याचा किंवा डाळिंबाचा हंगाम साधला की सांगाडा उतरतो. तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, कोरीव चौकटी शहरातल्या हॉटेलांत, उरलेसुरले वासे कांद्याच्या चाळीला. जागेवर स्लॅब पडतो. स्लॅबला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. धाब्याचे घर उन्हाळ्यात गार असते, हे बहुधा ओसरीवर बसणाऱ्यांनी लिहिले असावे. धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या, दर उन्हाळ्यात पांढरीची माती धाब्यावर चढवणाऱ्या आणि पावसाळ्यात गळतीखाली पातेली मांडणाऱ्या बायकांनी लिहिले असते, तर चित्र निराळे दिसले असते. मुद्दा एवढाच, की स्लॅबच्या घरात पुढचा मोठा फेरफार म्हणजे पाडणे. तिथे भिंत हलवून भांडण मिटवता येत नाही.

आणि भांडण आहेच. मधल्या वाट्यातल्या चुलत भावाने मोठी खोली हवी म्हणून आपल्या हद्दीतला एक खांब काढून लोखंडी गर्डर टाकला. कागदोपत्री खांब त्याचाच होता. पुढच्या पावसाळ्यात आमच्या वाट्यातली तुळई चार बोटे झुकली. घर फिरले की वासे फिरतात, ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात लाक्षणिक अर्थाने शिकवली; तिचा वाच्यार्थ त्या दिवशी डोक्यावर दिसला. वाटणीपत्राने खण वाटता येतात, तुळई वाटता येत नाही. ती तिन्ही वाट्यांवरून जाते आणि कुणाचे कुणाशी बोलणे आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते.

नाशिकचा सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही राज्य संरक्षित स्मारके आहेत. सात खणांच्या घराला असा वाली नसतो. थोरले दादा म्हणतात, “आज लाकडाला भाव आहे. उद्या वाळवी लागली की जळणाच्या भावाने जाईल. तुम्ही पुस्तकातली माणसं.” त्यांचे चुकते असे नाही.

आम्ही त्यांना एवढेच सुचवले आहे, की काढलेल्या खांबाच्या जागी पुन्हा खांब उभा करू, खर्च आमचा. ते जमणार नसेल, तर सांगाडा उतरवताना प्रत्येक लाकडावर आकडा घालू आणि आमच्या वाट्याचे लाकूड विकणार नाही. गिलावा खरवडल्यावर तुळईच्या टोकाशी पटाशीने मारलेल्या तीन खाचा दिसल्या. शेजारच्या खांबावरही तीनच. इंग्लंडचे सुतारही जोडीच्या लाकडांवर अशाच खुणा करीत. आमच्या सुताराने मोजणी आधीच करून ठेवली आहे.

दादांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.