फटफटीची शिदोरी

पूर्वी लांबच्या गावाला बैलगाडी जुंपली की गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. शेजारी पाण्याची घागर किंवा बुधली, आत एक जादा दावे आणि भाकरीचे गाठोडे. चाक कुरकुरायला लागले की गाडीवान खाली उतरून आसाला वंगण घाली आणि पुढे निघे. एवढे सामान घेतले म्हणून त्याला कोणी भित्रा म्हणत नसे. उलट न घेता निघालेल्याला घरची म्हातारी माणसे अर्ध्या वाटेवरून परत बोलावत.

आता बैलगाडीच्या जागी दारोदार मोटारसायकल आली. सोयरीक जुळवायला, देवदर्शनाला, पोरांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी आपण दोन-तीनशे किलोमीटरची मजल सहज मारतो. पण शिदोरीची रीत मात्र मोडली. खिशात फोन आणि पैसे असले म्हणजे झाले, वाटेत सगळे मिळते, असे आपण म्हणतो. मिळते हे खरे. पण गाडी जिथे बंद पडते तिथे मिळते असे नाही. ती बंद पडते घाटाच्या मध्यावर, नाहीतर दोन गावांच्या अधल्यामधल्या माळावर, आणि तेही दिवेलागणीला.

माझे गाव औशाच्या बाजूला. थोरली लेक चिपळूणला असते. बार्शी, पंढरपूर, कऱ्हाड आणि कुंभार्ली घाट असा साडेतीनशे किलोमीटरच्या वरचा पल्ला मी वर्षातून दोनदा तरी मोटारसायकलने करतो. या वाटेने मला जे शिकवले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, सगळेच बरोबर घ्यायचे नसते. माझा नियम साधा आहे. जी वस्तू नसेल तर माणूस किंवा गाडी जागच्या जागी अडेल, आणि जी त्या वाटेवर हाताशी मिळणार नाही, तीच घ्यावी. या नियमाने पाहिले तर पिशवीत पहिला मान कोणाचा? पेट्रोलचा नव्हे, ऑइलचाही नव्हे. पहिला मान पिण्याच्या पाण्याचा.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय सांगितले? एक प्रसंग सांगतो. मे महिन्यातली दुपार होती. कुर्डुवाडी ओलांडून पंढरपूरकडे जाताना रस्त्याकडेला एक तरुण जोडपे दिसले. मोटारसायकल लिंबाखाली उभी, बाई खाली बसलेली. तिला उलट्या झाल्या होत्या, पोटऱ्यांत गोळे येत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी थांबलो. "गाडीचं काय बिघडलं?" म्हणून विचारले. "गाडी चांगली आहे, दादा," तो पोरगा म्हणाला. त्याच्या पिशवीत प्लग होता, क्लच वायर होती, ऑइलचा डबा होता, पेट्रोलची बाटलीसुद्धा होती. पाणी मात्र दोन तासांपूर्वीच संपले होते.

माझ्याजवळ दोन लिटर पाणी आणि क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, दोन पाकिटे होती. एक पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवले आणि तिला घोट-घोट पाजायला सांगितले. उरलेल्या पाण्यात फडके भिजवून मानेवर, कपाळावर, हातापायांवर फिरवले. ती शुद्धीवर होती, नीट बोलत होती, म्हणून पाजता आले. अर्ध्या-पाऊण तासात तिला हुशारी वाटू लागली. मग सावकाश पंढरपुरात नेऊन डॉक्टरांना दाखवले. तिला तिसरा महिना होता. डॉक्टर त्या पोराला एवढेच म्हणाले, "आणखी तासभर तिथेच बसला असतात तर अवघड होतं."

मोटारसायकलवर ऊन फसवते, मंडळी. शेतात घाम अंगावर दिसतो. गाडीवर वारा तो लगेच सुकवून टाकतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. म्हणून तहान लागायची वाट पाहू नये. तासाभराने थांबावे, सावलीत उभे राहावे, मागे बसलेल्या माणसालाही पाणी द्यावे. बायामाणसे वाटेत आडोशाची सोय नसते म्हणून पाणी पिणेच टाळतात. घरच्या पुरुषांनी हे ओळखून चांगल्या पंपावर किंवा एसटी स्थानकावर मुद्दाम थांबावे.

क्षारसंजीवनीची किंमत थोडी, पण तिचा पराक्रम मोठा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि हजारोंचे प्राण वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे पाहून घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नये. केलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. माणूस बरळत असेल किंवा बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात थेंबही घालू नये. अंग ओले करीत लगेच दवाखाना गाठावा.

आता गाडीच्या पातळ वस्तू. इंजिन ऑइल हे गाडीचे रक्त. आपल्या नेहमीच्या शंभर सीसीच्या गाडीत ते साधारण लिटरभरच असते, म्हणजे त्यातले पाव-अर्धा लिटर जळाले तरी फरक पडतो. १९८० च्या दशकात माझ्याकडे राजदूत होती. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, म्हणून ऑइलचा डबा कायम बरोबर असे. नव्या गाड्यांना तसे लागत नाही, म्हणून आपण ऑइल तपासायचेच सोडून दिले. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मोजायची कांडी पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. गाडी जुनी असेल, निळसर धूर देत असेल, तर पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचेच अर्धा लिटर ऑइल बरोबर घ्यावे. ऑइल संपलेल्या इंजिनाचा पिस्टन धावत्या गाडीत अडकला तर मागचे चाक जाम होते. पुढे काय होते ते सांगायला नको.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइलची गोष्ट नीट समजून घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ प्रतीचे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. कुंभार्लीसारखा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की ऑइल तापते, उकळले तर त्यात बुडबुडे होतात आणि ब्रेकची मूठ नुसतीच आत जाते. म्हणून उघडी, अर्धी उरलेली बाटली पिशवीत बाळगण्यात अर्थ नाही. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी गॅरेजात बदलून घ्यावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. आणीबाणी झाली तरी ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल कधीही ओतू नये. आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो.

आणि पेट्रोल? आपल्या मुलखात मुख्य रस्त्यांवर पंप आहेत. टाकी अर्धी झाली की भरावी, म्हणजे बाटली लागत नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांदी येथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षे होती. तसल्या वाटेवर जाणारे लोक घट्ट झाकणाच्या खास कॅनमध्ये पेट्रोल नेतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल नेणे म्हणजे काखेत निखारा धरणे होय. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. दुसऱ्याच्या टाकीतून नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची आपल्याकडे वाईट खोड आहे. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

याच ओघात आयाबहिणींना एक विनंती. कोणतेही ऑइल, कूलंट किंवा पेट्रोल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू देऊ नका. कूलंट रंगीत असते आणि चवीला गोड लागते, पण ते विष आहे. तहानलेले पोर बाटली पाहते, आत काय आहे ते पाहत नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यातून प्यायचे पाणी नेणे हेही तसेच. कितीही धुतला तरी तो डबा पाण्यासाठी नाही.

बाकीचे सामान मूठभर आहे. टायरला ट्यूब असेल तर एक नवी ट्यूब, टायर उचलायच्या दोन पट्ट्या आणि लहान पंप. ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या दोऱ्या, त्या भरायचे हत्यार आणि पंप. एक क्लच वायर, प्लग आणि त्याचा पाना, दोन फ्यूज, चिकटपट्टी, थोडी तार, हातबत्ती. कपडे धुवायच्या साबणाचा तुकडाही ठेवा. टाकीतून पेट्रोल झिरपू लागले तर इंजिन थंड झाल्यावर साबण त्या फटीत दाबून चोळावा. गाव गाठेपर्यंत गळती आवरते. ऑइलचा डबा उभा, दोन पिशव्यांत घट्ट बांधलेला असावा, आणि भाकरी-पाण्यापासून वेगळा.

जखमेसाठी स्वच्छ धुतलेले सुती फडके, पट्ट्या आणि रुंद बँडेज हवे. वाटेत अपघात दिसला आणि रक्त वाहत असेल तर जखमेवर फडके दाबून धरावे, सारखे काढून पाहू नये. १०८ ला फोन करावा. हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने पुष्कळ लोक पुढे निघून जातात. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगायची सक्तीसुद्धा करता येत नाही.

म्हणून म्हणतो, ही पिशवी एकट्या आपल्यासाठी नसते. माझ्या पिशवीतले निम्मे सामान आजवर परक्यांच्याच कामी आले आहे, आणि अडलेल्या वेळी परक्यांच्या पिशवीतले माझ्या. रस्त्यावर शेजार नसतो. तो असा बरोबर न्यावा लागतो.

वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, गाडी धुऊन हार घालाल तेव्हा ही पिशवीही अंगणात उघडा. ट्यूबचे रबर दाबून पाहा, हातबत्ती लावून पाहा, मुदत संपलेली पाकिटे काढून नवी ठेवा. हे काम घरातल्या मुलामुलींकडून करून घ्या. उद्या लांबच्या वाटेला तीच निघणार आहेत.