मुरुमाच्या वाटा

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावाचा जुना नकाशा उलगडला, तर त्यावर तुटक रेषांचे जाळे दिसते. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. विदर्भात शेतांमधून जाणाऱ्या या वाटांना पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामधून गवताची पट्टी, असे पांदणीचे रूप असते. १८७० साली जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला आणि खामगावचा कापूस थेट मुंबईच्या दिशेने निघाला. पण शेतापासून बाजारापर्यंत तो आला तो गाडीवाटांनीच. व्यापारी घराण्यांच्या मागच्या पिढ्याही याच धुळीतून आठवडी बाजार करीत. कधी बैलगाडीत बसून, तर पुढे काळ्या उंच सायकलीच्या मागे कापडाचे गठ्ठे बांधून. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोणाची तूर पिवळी पडली, हे त्यांना वाटेवरच कळे आणि उधारी देताना ते ज्ञान कामी येई.

आज त्याच घरातील चाळिशी ओलांडलेला माणूस सकाळी गादीवर बसतो तो रात्रीच उठतो. गावांची नावे त्याला खातेवहीमुळे पाठ असतात; पण त्या गावांकडे जाणारी पांदण त्याने क्वचितच पाहिलेली असते. मधुमेह आणि रक्तदाब घरात शिरले की डॉक्टर चालायला सांगतात आणि तो मैदानाभोवती फेऱ्या मारू लागतो. अशा माणसांपैकी काहींना अलीकडे सायकलीची ओढ लागली आहे. महामार्गावर ट्रकांच्या शेजारून सायकल चालवणे जिवावरचे वाटते, म्हणून नजर कच्च्या वाटांकडे वळते. तेथे ग्रॅव्हल बाइक नावाचा सायकलीचा प्रकार उपयोगी पडतो.

ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीचे टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा ठासून भरावी लागते. ग्रॅव्हल बाइकचे टायर ४० मिलिमीटरच्या आसपास असतात व हवा निम्म्याहून कमी चालते. मऊ, रुंद टायर मुरुमावर घसरत नाही आणि खडीचे धक्के बऱ्याच अंशी स्वतःच पचवतो. बाभळीचा काटा हा या भागातला मोठा शत्रू; त्यासाठी ट्यूब न घालता टायरमध्ये चीक भरतात, तो छोटे छिद्र आपोआप बुजवतो. मात्र महागड्या सायकलीवाचून अडते असेही नाही. जाड टायरची साधी सायकलही मुरुमावर चालते. वडीलधाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे चालवलीच होती.

वाटांच्या बाबतीत हा जिल्हा संपन्न आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. उत्तरेला राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूर आणि पूर्णेचे काळे खोरे लागते. पूर्वेला खामगावकडे जाणारा रस्ता बोथ्याच्या जंगलातून, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. साग, सालई, धावडा, पळस यांचे हे पानगळीचे रान सुमारे २०५ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. अस्वल, बिबट्या, तडस, नीलगाय यांची ही वस्ती. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पाने गळून रान उघडे पडलेले असते आणि डोंगराची प्रत्येक घडी दिसते.

या रानात वाटेचा अर्थ निराळा होतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा प्रवास नोंदला गेला. शेते, ओढे, रस्ते ओलांडत, तेलंगणातही जाऊन, १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून तो त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. माणसाच्या नकाशात ज्या जागा पडीक वा बिनकामाच्या म्हणून सोडलेल्या असतात, ओढ्याकाठच्या झुडपांच्या, बांधालगतच्या, त्याच अशा प्राण्यांना आडोसा देतात. म्हणून अभयारण्याच्या आतील वाटा सायकलस्वाराने आपल्या समजू नयेत. वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाऊ नये आणि दिवस मावळायच्या आत रानाबाहेर पडावे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना हा दुसरा नियम जड वाटण्याचे कारण नाही.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्याला खाऱ्या पाण्याचा एक किनाराही लाभला आहे. दक्षिणेकडे पैनगंगेकाठच्या मेहकरहून लोणारकडे निघाले की सपाट माळावर काही विशेष असेल असे वाटतच नाही. मग एकाएकी जमीन संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरच्या आसपास खोल विवर समोर उघडते. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात घडलेले असे विवर पृथ्वीवर अत्यंत दुर्मिळ. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. पुढे झालेल्या कालमापनातून ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या घरात आले. तळाशी खारे, क्षारयुक्त सरोवर आहे. २०२० च्या जूनमध्ये खारेपणा वाढून, त्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, त्याचे पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. सायकल काठावर ठेवावी आणि खाली पायीच उतरावे. झाडीतून कमळजा देवीच्या मंदिरापाशी पोचले की पाण्याचा उग्र वास येतो आणि गावाचा आवाज पार मागे राहतो.

याच मेहकर, सिंदखेडराजा भागातून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गावर सायकल, बैलगाडी, दुचाकी यांना प्रवेश नाही, आणि वेगाच्या रस्त्यासाठी ते योग्यच आहे. मालाला वेग हवा, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. परंतु जलद रस्त्यावरून जाणाऱ्याला गाव म्हणजे एक फलक असतो. ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्याला तेच गाव विहिरीसकट, गोठ्यासकट भेटते.

काळ मात्र पांदणींना प्रतिकूल आहे. बैलगाड्या कमी झाल्या, वाट वापरात राहिली नाही, की दोन्हीकडचे बांध दरवर्षी थोडे थोडे आत सरकतात आणि काही वर्षांनी दुहेरी तुटक रेषा केवळ नकाशावर उरते. मग मागच्या शेतातला कापूस बाहेर काढायला वाट राहत नाही आणि भाऊबंदकीची प्रकरणे तहसीलदारांपुढे जातात. शेतवाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार त्यांना मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ ने दिला आहे. राज्य शासनानेही २०२१ मध्ये शेत व पांदण रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना आणली. तरीही वाट जिवंत ठेवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे तिच्यावरून जात राहणे.

याचे एक उदाहरण दूरदेशी सापडते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे लहानसे गाव आहे. भोवती गवताळ टेकड्या आणि शेतांमधून जाणारे खडीचे रस्ते. २००६ साली तेथे काही मोजक्या स्वारांनी २०० मैलांची शर्यत सुरू केली. आज तिच्यासाठी दरवर्षी हजारो सायकलस्वार येतात, गावात राहतात, जेवतात, खरेदी करतात. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होऊ लागली. ज्या रस्त्यांवर डांबर पडले नाही म्हणून हळहळ वाटावी, त्यांनीच त्या गावाला नाव दिले. लोणारच्या काठी किंवा बोथ्याच्या पायथ्याशी तेवढी गर्दी नको. रानाला ती सोसणार नाही. पण थोडे स्वार नियमित आले, तर एखादी खानावळ, एखादे पंक्चरचे दुकान आणि वाट मोकळी ठेवण्याचे एक कारण गावाला मिळू शकेल.

निघणाऱ्याने ऋतू पाहून निघावे. पावसाळ्यात पूर्णा खोऱ्याची काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय त्या दिवसांत वाटेवर जीवजंतू फार. चातुर्मासात विहार थांबतात, तशी चाकेही थांबवावीत. दिवाळीनंतर जमीन वाळते आणि कापसाची वेचणी जोरात असते. तेव्हा रविवारी पहाटे दोन बाटल्या पाणी, थोडे खाकरे आणि हवा भरायचा पंप घेऊन निघावे. पहिल्या खेपेस दहा-पंधरा किलोमीटर पुरेत. खातेवहीतल्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या गावी पांदणीने जावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. येणारा माणूस शेतकऱ्याने अनेक वर्षे फक्त गादीवर पाहिलेला असतो. तो धुळीने माखून बांधावर उभा दिसला, की बोलणे भावतावाच्या पलीकडे जाते. पुढच्या हंगामात कोणाला किती उचल द्यावी, हेही त्या बोलण्यातून अधिक नीट ठरते.