आकाशाचा परवाना

भूमि आणि जल यांस धनी असतात, त्यांच्यापायीं तंटेबखेडेही होतात. पण आकाश तेवढें सर्वांचें, अशी आपली जुनी समजूत आहे. ती आतां सोडावी लागणार असें दिसतें. ड्रोन नांवाचें एक लहानसें उडतें यंत्र हल्लीं लग्नकार्यांतही दिसूं लागलें आहे. नामसादृश्यावरून त्याचा द्रोणाचार्यांशीं संबंध जोडण्याचें कारण नाहीं. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नर मधमाशी असा आहे. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण सांगितला आहे. या यंत्राची घरघर ज्यानें ऐकली, त्यास त्या सिद्धान्ताचें निराळें प्रमाण नको.

आमच्या पुतण्याचा चित्रीकरणाचा धंदा आहे. जुलै २०२५ मध्यें ज्या बारा गडांचा जागतिक वारशांत समावेश झाला, त्यांतील रायगड आकाशांतून दाखविण्याचें काम त्यानें पत्करलें, आणि परवान्यांचे कागद आमच्या माजघरापर्यंत आले. ते वाचून त्यांचा अर्थ लावण्याचें काम अर्थातच आम्हांकडे आलें.

प्रथम न्यायानें हें सांगितलें पाहिजे कीं, मूळ नियम जाचक नाहींत. केंद्र सरकारनें ते २५ ऑगस्ट २०२१ रोजीं जाहीर केले, त्या वेळीं पूर्वींच्या पंचवीस नमुन्यांच्या जागीं पांचच ठेविले. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राच्या चालकास प्रमाणपत्राची सक्ती नाहीं. त्यापुढें दोन किलोपर्यंतचें यंत्र हौसेनें उडविणारास तें लागत नाहीं, पण धंद्यासाठीं उडविणारास लागतें. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. प्रमाणपत्रासाठीं दहावीची परीक्षा, १८ ते ६५ हें वय आणि मान्य संस्थेंत घेतलेलें शिक्षण इतकें पाहिजे. आम्ही मॅट्रिक असून पासष्टी अद्याप गांठावयाची आहे, तेव्हां आम्हीही पात्र आहों, हें ऐकून घरांतील मुलें पोट धरून हंसलीं. यंत्राची नोंदणी करून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही उतरावा लागतो.

नकाशावर आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्यांत ४०० फुटांपर्यंत उडविण्यास निराळी अनुमति नको. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्यांत विमानवाहतूक-नियंत्रकाची अनुमति लागते, तांबड्यांत प्रत्यक्ष केंद्र सरकारची.

पण आकाश हिरवें निघालें म्हणजे काम झालें असें नव्हे. आकाशाखालीं भूमि आहे, आणि तिला धनी आहेत. रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं असल्यामुळें तेथें त्या खात्याची अनुज्ञा हवी. अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं वनखात्याची हवी. मुंबईसारख्या शहरांत पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळीं निघतात, ते निराळेच.

खरी कसोटी हीं दारें ठोठावण्यांत आहे. पुतण्याचा एक अर्ज एका कचेरींत पडून राहिला. कोणी होय म्हणेना, नाहींही म्हणेना. उन्हाळा सरला, मृगाचा पाऊस लागला आणि गड ढगांत गेला. घरांत दोन पक्ष पडले. त्याचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, म्हणाले, "दादा, दुसरे लोक पहांटे जाऊन घटकाभरांत उडवून येतात. यानेंच काय म्हणून हात जोडून बसावें?" यावर आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "आम्हीं परसांत न्हाणीकडे जावें आणि डोक्यावर कोणाचें तरी यंत्र घरघरावें, हें चालेल का, भावोजी? आपल्या परसांत नको, तें दुसऱ्याच्या अंगणांत तरी कां?" बंधूंस उत्तर सुचलें नाहीं. पुतण्यानें यंत्र पेटींतून काढलें नाहीं. काम दुसऱ्याकडे गेलें, आणि ज्या पैशांतून त्या यंत्राच्या कर्जाचे हप्ते फिटावयाचे, तो विसार त्यानें परत केला.

आमचें मत असें कीं, परवाना हवाच. जत्रेच्या गर्दीवर दीड किलोचें यंत्र कोसळलें, तर ज्याचें डोकें फुटलें त्यास चालक हौशी होता कीं धंदेवाईक, याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. तथापि परवाना मागणारास मुदतींत उत्तर मिळणें हाही त्याचा हक्कच आहे. नकारसुद्धां वेळेवर मिळाला, तर माणूस दुसरें काम पाहूं शकतो. विलंबाचा उपद्रव फक्त विचारून उडविणारासच होतो. न विचारतां उडविणारास त्याची झळ लागत नाहीं. म्हणजे कायदा पाळणें हाच तोट्याचा धंदा ठरतो, आणि ही शिकवण तरुणांस कचेऱ्यांनीं देऊं नये. प्रत्येक अर्जावर उत्तराची तारीख छापली, तरी निम्मी तक्रार मिटेल.

ज्या घरांतून मुलें या धंद्यांत शिरत आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीं यंत्राच्या किंमतीबरोबर परवान्यास लागणाऱ्या महिन्यांचाही हिशेब धरावा, आणि तेवढे महिने मुलाच्या पाठीशीं उभें राहण्याची तयारी ठेवावी.