पोकळीतले स्फटिक

आजारपणानंतर पहिल्यांदाच बाहेर पडले. म्हैसमाळला तंबूत राहिले. सकाळी ओढ्यात गारगोट्या वेचताना एक फुटका काळा दगड सापडला. आत पोकळी, तिच्या भिंतींवर स्फटिकांचे बारीक दाणे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर झिरपत्या पाण्यातल्या खनिजांचे तिथं सावकाश स्फटिक झाले. त्या लाव्हापासून बनलेल्या याच बेसाल्टात वेरूळचं कैलास लेणं कोरलंय. तिथं माणसांनी दगड काढून जागा केली. इथं रिकाम्या जागेतच काहीतरी वाढत राहिलं, अंधारात, कुणी पाहावं म्हणून नव्हे. ती पोकळी मला फार जवळची वाटली. का, ते अजून नीट उमगलेलं नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याहून देखणे झिओलाइटचे स्फटिक आहेत. आईला घेऊन तिथं जायचंय. दगडांचं वेड मूळचं तिचंच.