सोफ्याची वंशावळ

इंग्लंडमधल्या उमरावांच्या जुन्या घरांतले रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले सोफे लिलावात येतात, तेव्हा त्यांची वंशावळ छापली जाते. कोणासाठी घडवला, कोणत्या दालनात होता, पुढे कोणाकडे गेला. वंशावळ जितकी लांब, तितकी किंमत जास्त. समाजशास्त्राने मला एक सवय लावली आहे. वंशावळ दिसली की तिच्यात कोण नाही, ते आधी शोधायचं.

यॉर्कशायरमधलं हेअरवुड हाऊस घ्या. १७५९ मध्ये एडविन लॅसेल्स याने ते बांधायला घेतलं. आतलं सोनेरी फर्निचर थॉमस चिपेंडेलच्या कारखान्यातलं. अशा कामात आधी साधं लाकूड कोरतात. त्यावर खडू आणि सरसाचे अनेक थर देतात, मग तांबूस मातीचा हात, मग वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घासून चकाकी. म्हणजे दिसतं ते सोनं आणि भार पेलतं ते लाकूड.

आता पैशाकडे या. एडविनचा बाप हेन्री बार्बाडोसमध्ये जकात अधिकारी होता. मळेवाल्यांना कर्ज द्यायचा, गुलामांच्या व्यापारातही होता. पुढे कर्ज थकलेले ऊसमळे या घराण्याच्या ताब्यात आले, आणि मळ्यांबरोबर माणसंही आली. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. हेअरवुडच्या अर्लला १,२७७ माणसांपोटी २६ हजार पौंडांहून जास्त मिळाले. त्या १,२७७ जणांना एक पैसाही नाही. या भरपाईसाठी काढलेलं सरकारी कर्ज पूर्ण फिटलं ते २०१५ मध्ये.

काही लोक म्हणतात, कलेत हे कशाला आणता? मी म्हणते, कारागिराचा मान ठेवायचा असेल तर हिशेब पूर्ण मांडा. चिपेंडेल स्वतः सुताराचा मुलगा. बड्या गिऱ्हाइकांकडून बिलं वसूल करताना तोही मेटाकुटीला यायचा. त्याचं नाव तरी राहिलं. त्याच्या कारखान्यात कोरणाऱ्या, वर्ख लावणाऱ्या बहुतेक हातांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. आणि ऊस तोडणारे तर त्या वंशावळीत कधी धरलेच गेले नाहीत.

तरीही त्यांचा हिशेब आज मांडता येतो. भरपाईच्या लोभाने मालकांनीच अर्ज केले, माणसांची मोजदाद दिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी ते सुमारे ४६ हजार दावे धुंडाळून सगळ्यांसाठी खुले केले. आजचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स घराण्याचा हा इतिहास उघडपणे मान्य करतात. कागद समोर असला की नाकारणं कठीण जातं.

मित्रांनो, आपला कागद कुठे आहे?

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी तर गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची सविस्तर तुलना केली. गुलाम ठेवणं कोणावर सक्तीचं नव्हतं, अस्पृश्यता पाळणं मात्र धर्माने बंधनकारक केलं, हा फरक त्यांनी दाखवला. मला त्यात हिशेबाचाही फरक दिसतो. गुलाम विकत घेतला जायचा, म्हणून त्याची किंमत वहीत चढली. आपली माणसं फुकट राबवली गेली, म्हणून वहीच उघडली गेली नाही. माझी आजी वाड्यावर सरपण टाकायची. ओसरीची पायरी तिला बंद होती आणि मोबदला शिळी भाकर. महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. ती वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं. गावच्या दप्तरात वतन सापडतं. राबलेले दिवस सापडत नाहीत.

ती नोंद आता आपणच करायची आहे. प्रत्येक वस्तीत सत्तरी-ऐंशीतली माणसं अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा. कोणाकडे राबलात, काय काम केलंत, किती वर्षं, बदल्यात काय मिळालं, एवढं विचारा. नाव, गाव, साल घालून लिहून ठेवा. त्यांच्या माघारी हे सांगणारं कोणी उरणार नाही.

जय भीम.