शाडूची माती

पेणच्या गणपती कारखान्यात सगळ्यात कमी बोलणारी कोण, तर शाडूची माती. गुजरातेतून गोणीत बसून येते आणि कोपऱ्यात पडून राहते. तिचा स्वभाव कळतो तो पाणी मिळाल्यावर. भिजवून, मळून साच्यात दाबली की ती अंगठ्याचा प्रत्येक दाब लक्षात ठेवते. कारागिराचा हात कुठे रेंगाळला, कुठे घाईने सरकला, ते मूर्तीच्या आतल्या पोकळीत जसंच्या तसं उमटतं. बाहेरून ओला ब्रश फिरवून मूर्ती गुळगुळीत करतात. आतले ठसे कुणी पुसत नाही.

तिला घाई खपत नाही. थेट उन्हात ठेवली तर तडकते. सावलीत, वाऱ्याला, तिच्या कलाने सुकू द्यावी लागते, आणि पावसाळ्यात तर ती ओल सोडता सोडत नाही. ओली असेतो सोंडेचं वळण बदलता येतं, वाकडं बोट सरळ करता येतं. सुकली की संपलं. हमरापूर, जोहे, कळवे या पेणजवळच्या गावांतल्या बायाबापड्यांना मूर्तीला नुसतं बोट लावून कळतं, अजून किती वेळ हातात आहे ते.

तिच्या शेजारी प्लास्टर ऑफ पॅरिस नांदतं. ते काही मिनिटांत घट्ट होतं, वजनाला हलकं, धंद्याला सोयीचं. त्याच्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण एकदा घट्ट झालं की ते पुन्हा मऊ होत नाही. शाडू मात्र होते. रंग न दिलेली मूर्ती मोडली तर तिचे तुकडे पाण्यात टाकायचे. ती भिजते, विरघळते, आणि पुन्हा मळायला तयार होते.

सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. पेणचं नाव झालं ते या डोळ्यांमुळे. आखणी करणारा श्वास धरून बारीक ब्रश टेकवतो. बुबुळ केसभर सरकलं तरी नजर चुकते. नजर जमली की मूर्ती पाहू लागते, आणि घरातली माणसं तिच्याशी बोलू लागतात. जे एकमेकांशी बोलत नाहीत, ते तिच्याशी बोलतात.

आमच्याकडचा बाप वर्षभर मुलाशी कामापुरतं बोलतो. तोच बाप रोह्यात कुंडलिकेच्या काठी विसर्जनाला उभा राहिला की मूर्तीच्या हातावर दही ठेवतो, लवकर या म्हणतो आणि भर गर्दीत डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी मुलगा मुंबईला निघतो. आई त्याच्याही हातावर दही ठेवते. बाप बॅग उचलून रोहा स्टेशनापर्यंत येतो, खिडकीशी उभा राहतो आणि गाडी हलता हलता म्हणतो, "पोचलास की फोन कर." मुलगा म्हणतो, "हो." मातीच्या देवाला जे सहज म्हणता आलं, ते पोटच्या पोराला म्हणता येत नाही. माया तीच असते. हातातून उतरते, ओठांवर मात्र अडते.

म्हणून 'टोकरी' हा ॲनिमेशनपट मला आपल्याच घरातला वाटतो. सुरेश एरियत यांचं दिग्दर्शन, मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसची निर्मिती. 2017 साली आलेला हा लघुपट. वडिलांनी जिवापाड जपलेलं घड्याळ एका लहान मुलीच्या हातून बिघडतं. ते दुरुस्त करायला पैसे हवेत, म्हणून ती टोपल्या विकायला रस्त्यावर उभी राहते. मुलीला बापाची माफी मागायची आहे आणि तिला येतं ते एवढंच. तिच्या हातातली टोपली म्हणजेच तिचं बोलणं. तंत्र स्टॉप-मोशनचं: बाहुली केसभर हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चित्रं धरली, तर कपाळावरची एक आठी सुटायला किती वेळ हात लावावा लागत असेल, हे पेणच्या आखणीवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही.

अशा चित्रपटांसाठी एक वेगळी माती असते, प्लॅस्टिसिन. इंग्लंडातल्या बाथ परिसरात विल्यम हारबट यांनी ती 1897 साली तयार केली. तिच्यात पाण्याऐवजी तेलकट पदार्थ असतो, म्हणून ती सुकत नाही. चेहऱ्यावरचा भाव चुकला तर पुसायचा, नवा द्यायचा, हवा तितक्या वेळा. ही मुभा माणसाला नाही. आपण शाडूच्या जातीचे. अबोल्यात सुकतो, आणि कुणी दोन शब्दांचं पाणी घातलं तर वर्षांनंतरही पुन्हा भिजतो. मात्र भिजायला समोरचं माणूस असावं लागतं.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं आणि मराठीतली भाषांतरं जड जात होती. तेव्हा मुलानेच आपल्यासाठी सोपी गीता लिहावी, अशी तिची इच्छा होती. ती माउली 1918 साली गेली. विनोबांची ती सोपी गीता, 'गीताई', लिहून झाली 1931 साली. ती घरोघर पोचली, अनेक आयांनी ती म्हटली. जिने मागितली होती, तिला ती ऐकायला मिळाली नाही.

विनोबांसारख्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, मग आपण कशाच्या भरवशावर थांबतो? गणपती उठल्यावर सांगू, दिवाळीला गेल्यावर सांगू, असं म्हणत वर्षं जातात. ज्यांचे आईबाप आज पेणला, रोह्याला फोन उचलायला आहेत, त्यांनी पोचल्याचं कळवून फोन ठेवू नये. पुढचं एक वाक्यही बोलावं. ओबडधोबड असलं तरी चालेल, जीभ अडखळली तरी चालेल. आणि बापानेही ते वाक्य मुलाच्या तोंडून येण्याची वाट पाहू नये. आधी आपणच म्हणावं.